बेसचा पिकअप आणि मास्तरांचा सा

जालन्यातल्या आमच्या ऑर्केस्ट्रात मी बेस गिटार वाजवायचो आणि सामानाची यादी ठेवायचो. दिवसा बियाण्याच्या कंपनीत स्टोअरकीपर होतो, त्यामुळे हे दुसरं काम न मागता माझ्याकडे आलं. किती केबल, किती माइक, कोणत्या स्टँडचा स्क्रू हरवला, काय कोणत्या पेटीत, सगळं एका लांबट वहीत असायचं. शेवटची पानं तक्रारींची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्या पानांवर एकच तक्रार पुन्हा पुन्हा येऊ लागली: बेस घरघरतो.

गिटार कलकत्त्याची बनावट, माझ्याआधी दोन हातांतून आलेली. तारांच्या खाली एक काळी पट्टी असते, तिला पिकअप म्हणतात. तिच्या आत लोहचुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की त्या वेढ्यांत जराशी वीज उठते आणि तीच स्पीकरच्या बॉक्समधून आवाज होऊन बाहेर पडते. पण तोच पिकअप मांडवातल्या ट्यूबलाइटची आणि जनरेटरची घरघरही पकडतो. आमचा तर इतका जुना झाला होता की मधेच आवाज बंदही पडायचा.

"गिटारमधी मोहोळ बसलंय का रे तुझ्या?" कीबोर्डवाला विचारायचा. आमच्यातला सगळ्यात हुशार वादक तोच, आणि तोंडाने सगळ्यात तिखटही तोच.

ऑर्केस्ट्रा उभा केला होता मास्तरांनी. शाळेत संगीत शिकवून ते निवृत्त झाले होते, साठी ओलांडली होती, तरी मुख्य गायक तेच. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक गाण्याआधी बेसने एकट्याने दोनदा लांब सा द्यायचा, बाकी सगळे गप्प. मास्तर माझ्या बॉक्सला खेटून, अनवाणी, डोळे मिटून उभे राहत. दुसरा सा विरला की गाणं सुरू. लोकांना ती आमच्या ऑर्केस्ट्राची ऐट वाटायची. मलाही वाटायची, आणि त्यात थोडा वाटा माझा आहे असंही वाटायचं.

नवा पिकअप आणायला मी रेल्वेने हैदराबादला गेलो. निघण्याआधी वहीत लिहून घेतलं. एक, घरघर नको. दोन, गिटारचं लाकूड कोरावं लागू नये. तीन, चारही तारा सारख्या वाजाव्यात. दुकानदाराने तीन पिकअप काढले. पहिल्याचा आवाज जाड आणि खोल होता, पण तो रुंद निघाला. बसवायचा तर पटाशी लावावी लागली असती. दुसरा जागेवर बसत होता, पण घरघरत होता. तिसऱ्यात दोन वेटोळी उलटसुलट गुंडाळलेली, त्यामुळे घरघर आपोआप विरून जायची. आवाज टणटणीत, जरा पातळ, एकेक सूर सुटा. जागेवर बराबर बसला. मी तिन्ही मुद्द्यांपुढे बरोबरची खूण केली आणि तो घेऊन परत आलो.

जुना काढून चिठ्ठी लावून डब्यात ठेवला. काढलेली वस्तू टाकायची नाही, हा गोदामातला नियम मी घरीही पाळतो.

तालमीत सगळ्यांनी नवा आवाज ऐकला. आमच्याकडे मत विचारायची रीत अशी की सुरुवात धाकट्यापासून, मास्तरांना शेवटी. आधी विचारलं तर त्यांच्यापुढे कोण बोलणार? पण त्याचा एक परिणाम होता, जो तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. ढोलकवाला म्हणाला झकास. कीबोर्डवाला म्हणाला, "आता कुठं माणसात आलास." मग मास्तरांकडे पाहिलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बराबर आहे." सगळ्यांचं ठरल्यावर ते दुसरं काय म्हणणार होते?

पहिला कार्यक्रम भोकरदनला, एका शाळेच्या स्नेहसंमेलनात, भर दुपारी. मी दोनदा सा दिला. स्वच्छ, बिनघरघरीचा. मास्तर डोळे मिटून उभे होते. त्यांनी डोळे उघडले, माझ्या बोटांकडे पाहिलं आणि गायला सुरुवात केली, ती जवळजवळ एक सूर खाली. कीबोर्डवाल्याने पटकन बटण दाबून आपली पट्टी बदलली, मी त्याच्यामागे धावलो, कसंबसं ते गाणं सावरलं. दुसरं बरं गेलं. तिसऱ्यात मास्तर वर चढून बसले आणि कडव्यागणिक सरकत राहिले. पुढे बसलेली मुलं एकमेकांना कोपराने ढोसून हसू लागली. एक शिक्षक उठून त्यांच्यावर डोळे वटारत उभे राहिले. गाणं संपल्यावर टाळ्याही त्यांनीच पहिल्यांदा वाजवल्या, ते आम्हाला जास्त लागलं.

परतताना मॅटडोरमध्ये मास्तर पुढे ड्रायव्हरशेजारी, आम्ही मागे सामानात.

"आता बास," कीबोर्डवाला म्हणाला. "मास्तरांनी निवेदन करावं. गाणं दुसऱ्याला द्या. पुढच्या तारखा हातच्या जातील."

"हळू बोल की," ढोलकवाला म्हणाला.

"काय हळू? खोटं बोलून राह्यलो का मी?"

मी मधे पडलो, "मास्तर, शेंगा घेता का?" असं हाक मारून विचारलं. मग पुन्हा, मोठ्याने. ते खिडकीबाहेरच्या कपाशीकडे पाहत राहिले. ड्रायव्हरने वळून माझ्याकडे पाहिलं, मास्तरांनी नाही. बाकीच्यांना वाटलं ते रागावले आहेत; मला वाटलं, त्यांना ऐकूच आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. समोरासमोर बसलो. ते माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होते, आणि तसे ते गेली कित्येक वर्षं सगळ्यांच्याच तोंडाकडे पाहत होते, हे मला त्या वेळी जाणवलं.

"मास्तर, कधीपासून?"

"चार वर्षं झाले. आधी बासरी गेली. मंग बायकांचे आवाज. आता बरंच गेलं." मग म्हणाले, "तुझा सा मला पायात यायचा. स्टेजच्या फळीतून. तेवढ्यावर धरून गात आल्तो. नवं बसवलं तवापासून तुझी बोटं दिसतेत, सा येत न्हाई."

"तालमीत बोलला का नाहीत?"

"काय बोलू? सगळ्यांसमोर बहिरा म्हणून उभा राहू?" आणि लगेच, "हे तुझ्यापाशीच ठेव."

मी हो म्हटलं. अडचण अशी होती की जुना पिकअप परत का बसवायचा, हे ऑर्केस्ट्राला सांगायला माझ्याकडे कारण उरलं नाही. मी तक्रारीच्या पानावर लिहिलं: नवा पिकअप सदोष, अधूनमधून बंद पडतो. तो एकदाही बंद पडला नव्हता. त्या वहीत मी जाणूनबुजून खोटं लिहिलेली तेवढीच एक ओळ.

जुना पिकअप मात्र खरंच मरायला टेकला होता. जालन्यातच मस्तगडला रेडिओचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारे एक चाचा होते. त्यांच्याकडे एवढी बारीक तार मिळायची. त्यांनी पिकअप उघडला, चष्मा वर केला.

"कितने फेरे मारूं?"

हे मला माहीत नव्हतं. म्हणून मी मास्तरांना घेऊन गेलो. चाचांच्या दुकानात माझा बॉक्स एका फळीवर ठेवला, फळीच्या दुसऱ्या टोकाला मास्तर स्टुलावर बसले, तळवे फळीवर टेकून. चाचांना सगळं सांगावं लागलं. त्यांनी एवढंच म्हटलं, "मेरे वालिद भी ऐसेच थे," आणि दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं.

पहिल्या वेळी जुन्याइतकेच वेढे घातले. मास्तरांनी मान हलवली, सा येत होता, पण पुसट. दुसऱ्या वेळी जास्त घातले. काम उरकता उरकता तार तुटली, सगळं पुन्हा. तीन शनिवार गेले. माझ्या वहीत या वेळी मुद्दे नव्हते. एकच रकाना होता: पायात येतो की नाही. तिसऱ्या शनिवारी चाचांनी बसतील तेवढे वेढे दाबून घातले. आवाज जाड, गढूळ, सूर एकमेकांत मिसळलेले, आणि घरघर पहिल्यापेक्षा जास्त. कुठल्याही दुकानात मी तो पिकअप नाकारला असता. मी सा दिला. मास्तरांनी डोळे मिटले आणि स्टुलावर बसल्या बसल्याच हळू आवाजात सा लावला. चाचा माझ्याकडे पाहत राहिले. सूर बरोबर जागेवर होता.

"आलं मोहोळ परत!" कीबोर्डवाला तालमीत म्हणाला. "हैदराबाद फिरून आला अन् भंगार घेऊन आला." मी ऐकून घेतलं. पण मास्तर गाऊ लागले तसा तो गप्प झाला, आणि पुढे कार्यक्रमांत घरघरीवरून त्याने मला टोचलं तरी निवेदनाचा विषय पुन्हा काढला नाही. जांब समर्थला उत्सवात मास्तरांनी लागोपाठ पाच भक्तिगीतं गायली. एक सूरभरही हलले नाहीत.

असे दोन हंगाम गेले.

मग एका तालमीत मी दोनदा सा दिला, आणि मास्तर तसेच उभे राहिले. त्यांनी बोट वर केलं. मी तिसऱ्यांदा दिला. मग चौथ्यांदा, आवाज वाढवून. बॉक्सवरचा पाण्याचा पेला थरथरत होता. मास्तरांनी खाली वाकून तळहात जमिनीवर ठेवला, थोडा वेळ तसेच बसून राहिले. उठून त्यांनी माइक स्टँडला लावला.

"मला ऐकू येत न्हाई," ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले. "बऱ्याच वर्षांपासून. आता पायातबी येत न्हाई. आजपासून निवेदन माझं. गाणं कोण म्हणायचं ते तुम्ही ठरवा."

कीबोर्डवाला उठला, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. ओठ दिसतील असं, सावकाश म्हणाला, "मास्तर, आम्हाला सांगायचं होतं की."

"सांगितलं असतं तर गाऊ दिलं असतं का?"

त्याने नकारार्थी मान हलवली. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

निघताना मास्तर माझ्याकडे वळले. "ते हैदराबादचं बसव आता. लोकांच्या कानाला कशाला त्रास?"

"राहू द्या हेच."

"बसव म्हणलं ना."

रविवारी सकाळी मी तो बसवला. चार स्क्रू आणि सोल्डरचे दोन टाके, अर्ध्या तासाचं काम. मग तारा चढवल्या, सुरात लावल्या, बॉक्स सुरू केला. घरघर अजिबात नव्हती. मी काही वाजवलं नाही, बॉक्स बंद केला आणि गिटार पेटीत ठेवून दिली.