छापून आलेलं औषध

मी कोणतंही औषध शोधलेलं नाही. हे वाक्य मी एकदाच, वेळेवर, एका माणसाला सांगायचं होतं. ते राहून गेलं.

माझं काम पेशींवर. प्रत्येक पेशीत प्रोटिआसोम नावाचं एक यंत्र असतं. निकामी झालेली प्रथिनं ते तोडत बसतं. ते बंद पाडलं की पेशीत कचरा साचतो आणि पेशी मरते. रक्ताच्या एका कर्करोगात ही युक्ती चालते. मूत्राशयाच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगात ती चालेल का, हे तपासण्यात माझी सगळी नोकरी खर्ची पडली. काचेच्या बशीत चालते, माणसात फारशी चालत नाही. माझे बहुतेक शोधनिबंध ती का चालत नाही यावर आहेत. ते वाचणारे जगात थोडे, आणि त्यातले निम्मे संदर्भांच्या यादीत आपलं नाव आहे का, एवढंच बघतात.

त्यातला एक निबंध मोठ्या नियतकालिकात आला आणि माझी प्रयोगशाळा कोणत्या मजल्यावर आहे हे वरिष्ठांना कळलं. मग एका वर्तमानपत्राच्या वार्ताहराचा फोन आला. भला माणूस. छापण्याआधी बातमी वाचून दाखवली. मथळा होता, मूत्राशयाच्या कर्करोगावर नागपुरात औषध सापडलं.

"सहयोगी प्राध्यापक नाही, प्राध्यापक," मी म्हणालो.

"दुरुस्त करतो सर. बाकी ठीक?"

"औषध म्हणजे... अजून बराच पल्ला आहे."

"जागा उरली तर टाकतो ना सर ते."

जागा उरली नाही. माझा फोटो मोठा होता.

जाणकार हसतील आणि बाकीचे विसरतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे तो मथळा मी सकाळी तीनदा वाचला होता.

मग प्रताप नगरातल्या आमच्या रहिवासी मंडळाने सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, मायक्रोस्कोपच्या आकाराचं स्मृतिचिन्ह. प्रमुख पाहुण्यांनी प्रोटिआसोमचा उच्चार तीन प्रकारे केला आणि तिन्ही वेळा टाळ्या घेतल्या. अशा समारंभांची मी आयुष्यभर टर उडवली आहे. त्या दिवशी फोटोग्राफर समोर आला की मी पाठ ताठ करत होतो.

भिवापूरकडून माझा थोरला चुलतभाऊ आला होता. मिरचीची शेती करणारा, माझ्या शाळेच्या सगळ्या सुट्ट्या ज्याच्या मागे फिरण्यात गेल्या तो दादा. नाश्त्याच्या टेबलापाशी त्याने मला गाठलं.

"मोठा मानूस झाला गा तू."

"शाल पांघरली की कोणीही होतो, दादा."

तो हसला. मग आवाज उतरवून म्हणाला, "हे औषध लघवीच्या पिशवीच्या कॅन्सरवर चालते ना?"

"त्याच्यावरच तर काम आहे माझं."

"मंग कधी भेटन?"

मंडळाचे सचिव ग्रुप फोटोसाठी माझा दंड धरून ओढत होते. "येईल दादा. वेळ लागतो अशा गोष्टींना."

"लागू दे. आपल्याले कुठं घाई हाय."

काहून विचारून राहिला गा, एवढं मी म्हणायला हवं होतं. मी फोटोला गेलो.

आठ महिन्यांनी वहिनीचा फोन आला. दादाची कंबर धरली होती, बसवत नव्हतं. मी गेलो. घरामागे सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या जागेत, बाया वाळत्या मिरचीचे देठ खुडत होत्या, पांढरी पडलेली फटकी वेगळी काढत होत्या, आणि जवळच खाटेवर दादा पडून होता. वहिनीने फाइल आणून दिली. सगळ्यात वरचा कागद ताजा होता. आजार हाडांत गेला होता. खालचा कागद माझ्या सत्काराच्या आधीचा. नागपूरच्या सर्जनने मूत्राशय काढून टाकायला सांगितलं होतं, लवकर.

"दादा, ऑपरेशन काहून नाही केलं?"

"डाक्टर म्हने पोटावर थैली लावन, जलमभर. बाजारात मिरचीचा भाव कराचा का थैली सांभाळाची? म्हटलं, घरचंच औषध येऊन राहिलं तं कायले कापाकापी."

"मी रोज म्हनत होती, भाऊजीले फोन करा," वहिनी म्हणाली. "तं म्हनत, त्याच्या कामात आडवी जाऊ नको वं."

असे कागद मी रोज वाचतो. समजले नाहीत असं म्हणायची सोय नव्हती. मी त्याला सांगितलं की औषध नाही. नुसतं नाही म्हणणं जमेना, म्हणून समजावू लागलो. "समज, या बायांनी फटकी काढणं बंद केलं, तर ढीग सडेल ना? पेशीचं तसं करायचं आहे. बशीत सडतो तो ढीग. माणसात पेशी दुसरी वाट काढते."

"म्हंजे दुसऱ्या बाया लावते."

"हो."

माझ्या विद्यार्थ्यांना हे समजायला एक सत्र लागतं. दादाने खाटेवर येऊन पडलेली एक मिरची उचलून सातऱ्यावर टाकली. मग म्हणाला, "मंग पेपरात औषध सापडलं म्हनून कोनं लिवलं गा?"

बातमी मी छापण्याआधी ऐकली होती. तिच्यातलं फक्त माझं पद मी बदलून घेतलं होतं. हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

"पेपरवाल्यांनी," मी म्हणालो.

"हे लोक कायबी लिवतात," तो म्हणाला, आणि माझ्या हातावर थोपटलं. "तू कायले तोंड पाडतं? तुही काय चूक त्याच्यात?"

पुढची मिरची लागायच्या आत दादा गेला. सर्जन म्हणतात, वेळेवर ऑपरेशन होऊनही खात्री देता आली नसती. बरोबर आहे. अशी जपून लिहिलेली वाक्यं माझ्या प्रत्येक निबंधाच्या शेवटी असतात.

मी गेलो की वहिनी अजून चहा ठेवते. कोणी पाहुणा बसलेला असला की त्याला पेपरवाल्यांची गोष्ट सांगते. त्यांच्यापायी माझा माणूस थांबला, असं म्हणते. मग माझ्याकडे वळते, "भाऊजी, तुमीच सांगा याईले, खोटं लिवलं होतं ना त्याईनं?"

मी हो म्हणतो.