गेटचं पंचिंग आणि पाण्याचा दिवस

आमच्या कंपनीत सॉफ्टवेअर निवडायचं ठरलं की आधी समोसे यायचे. मग विकणारे यायचे, आणि शेवटी पुण्याच्या मुख्य कार्यालयातून आयटीचे मोठे साहेब यायचे. मी शहराबाहेरच्या वाळूजच्या कारखान्यात आयटी आर्किटेक्ट होतो. कंपनीतली सगळी सॉफ्टवेअरं एकमेकांशी नीट कशी नांदतील ते बघणं हे माझं काम. सोसायटीतल्या लोकांना ते कधी कळलं नाही. ते मला गच्ची गळते त्याचं काय करायचं हे विचारायचे.

त्या वर्षी गच्ची गळायचा प्रश्न नव्हता. सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं होतं. शहरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि तो आठवडा कधी दहा दिवसांचा व्हायचा. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. शहराच्या कडेनं, बीड बायपासला, सातारा परिसरात, पडेगावात इमारतीला चिकटून इमारत उठत होती. एवढ्या लोकांना पाणी कुठून आणणार, हे बिल्डरला कुणी विचारत नव्हतं, कारण विचारणारेच रांग लावून फ्लॅट बुक करत होते. मीही केला होता, तेव्हा मी काय तोंडानं बोलणार.

कंपनीही वाढत होती. शेंद्र्याला नवा कारखाना उभा राहत होता आणि त्यामुळंच ही सगळी टूलची भानगड सुरू झाली. आमच्याकडं गेटचं पंचिंग, म्हणजे येण्याजाण्याच्या वेळेची नोंद, एका सॉफ्टवेअरमध्ये, स्टोअर दुसऱ्यात, पगार तिसऱ्यात. एका घरात राहून बोलणं बंद असलेल्या जावांसारखी गत. त्यांना बोलतं करणारं एक टूल हवं होतं, त्याला इंटिग्रेशन म्हणायचं. आणि दुसरं हवं होतं ते तक्रारींसाठी. कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला, कुणाचा प्रिंटर रुसला, की त्याची नोंद व्हावी, त्याला नंबर मिळावा, तो कुणी आणि किती वेळात सोडवला हे दिसावं.

या तक्रारी तोवर आमचं सर्व्हिस डेस्क घ्यायचं. डेस्क म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांब खोली, काही फोन, आणि त्यांच्यामागं बसणारी आमची माणसं. त्यांच्या प्रमुख होत्या त्यांना सगळे ताईच म्हणायचे, मॅनेजरसुद्धा. माहेर कन्नडकडचं, धनगराचं घर. राहायला पडेगावात. नवरा अपघातात गेलेला, घरात अर्धांगवायूनं खाटेवर पडलेली सासू, आणि या एकट्या कमावत्या. फोन उचलला की त्या नाव विचारायच्या नाहीत, आवाजावरून ओळखायच्या. "बोला दादा, पेंट शॉपमधलं मशीन पुन्हा झोपलं का?" असं म्हणायच्या आणि समोरच्याचा निम्मा राग तिथंच उतरायचा.

पुण्याच्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं. नवं टूल आल्यावर तक्रारी कुठूनही घेता येतात, मग हे डेस्क वाळूजला कशाला? पुण्यात एकच मोठं डेस्क करू. ज्यांना यायचंय त्यांनी पुण्याला यावं. म्हणजे आमच्यासमोर टूल कोणतं हा प्रश्न नावापुरता होता. खरा प्रश्न, डेस्क इथं राहतं की जातं. आणि ते गेलं तर ताईंची नोकरी जाते, हे पहिल्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. सासूला उचलून पुण्याला भाड्याच्या खोलीत नेणं काही शक्य नव्हतं.

मी भांडलो. समितीत मी होतो, खरेदी विभागाचा एक माणूस होता, आणि ते साहेब. ही दोन्ही कामं करणारी दोन टूल शेवटपर्यंत आली. एक परदेशी, त्याचं भाडं ऐकून खरेदीवाल्यानं समोसा खाली ठेवला. नाकापेक्षा मोती जड, असं मी त्याच्या कानात म्हणालो. दुसरं आपल्याकडचं, साधं, पण ते इथल्या डेस्कवर सहज बसणारं. मी त्या दुसऱ्याच्या बाजूनं होतो आणि माझा पक्षपात मी लपवलाही नाही. साहेब म्हणाले, "भावना नको. ट्रायल घ्या. तुमचं डेस्क किती चांगलं आहे ते आकड्यांत दिसू द्या. दिसलं तर राहील इथंच." माणूस शब्दाचा पक्का होता, एवढं कबूल करायला हवं.

मी ताईंना बोलावून सांगितलं, की आता प्रत्येक फोनची नोंद करा. आजवर तुम्ही फोनवरच 'झालं का, झालं' करून मोकळ्या होत होतात, त्याचा कुठं मागमूस राहत नाही. आता जे करता ते दिसलं पाहिजे. त्या म्हणाल्या, "व्हय सर, दिसंल."

आणि दिसलं की. त्या ट्रायलमध्ये आमच्या डेस्कनं असं काम दाखवलं की मला त्यांचा अभिमान वाटायला लागला. फोन वाजला की उचललेला. तक्रार आली की कुणीतरी घेतलेली. सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या ठोक्याला टूलमध्ये सगळे हजर, एकही दिवस कुणी उशिरा नाही. पुण्याच्या कार्यालयाचं डेस्कही ट्रायलपुरतं त्याच टूलवर चालत होतं, त्यांचे आकडे आमच्यापुढं पार फिके. साहेबांचा फोन आला, "तुम्ही जिंकताय बहुतेक." मी खाली जाऊन सांगितलं तर डेस्कवरचा, औरंगपुऱ्यातला एक पोरगेलासा इंजिनिअर म्हणाला, "सर, मिठाई कब?" ताईंनी त्याला गप्प केलं. म्हणाल्या, "शेवटचं पाऊल पडल्याबिगर नाय." पण त्या हसत होत्या. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना तसं हसताना पाहिलं.

आता इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. शहरात प्रत्येक भागाचा पाण्याचा दिवस वेगळा. ज्याच्या भागात पाणी, तो त्या दिवशी उशिरा येणार, हे कारखान्यात न बोलता मान्य होतं. पाणी सकाळी येतं, तासभर टिकतं, आणि त्या तासात भरलं नाही तर पुढचा आठवडा मेलात. मीसुद्धा पाण्याच्या दिवशी ओल्या विजारीनं उशिरा ऑफिसला गेलोय. कुणी विचारायचं नाही. विचारलंच तर एवढंच विचारायचं, "भरलं का?" ज्याचा दिवस नाही त्यानं ज्याचा दिवस आहे त्याचा फोन उचलायचा. उद्या तो आपला उचलेल.

हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की ट्रायलमध्ये उशीर दिसू नये म्हणून त्यांनी ही रीत टूलमध्येही चालवली होती. सकाळी जो हजर असेल तो, ज्याचा पाण्याचा दिवस असेल त्याच्या नावानं लॉगिन करायचा, आणि तो येईपर्यंत दोन कॉम्प्युटर, दोन फोन, दोन माणसांचं काम एकटा ओढायचा. पासवर्ड सगळ्यांचे सगळ्यांना पाठ. कामात कुठं चूक नव्हती, उलट ते जीव तोडून करत होते. डेस्क वाचवायचं होतं ना. ताई वाचवायच्या होत्या.

शेवटची बैठक सकाळी होती. मी सुचवलेलं टूल विकणाऱ्या कंपनीचा एक तरुण आला होता, हुशार, गोड बोलणारा. त्याला इंटिग्रेशन किती सोपं आहे हे दाखवायचं होतं. डेस्कची माणसंही मीच बोलावली होती, त्यांनी आपलं कौतुक कानांनी ऐकावं म्हणून. ती भिंतीपाशी उभी होती. तो म्हणाला, "तुमची दोन वेगवेगळी सॉफ्टवेअरं घेऊन मी इथल्या इथं जोडून दाखवतो." आणि सगळ्यात सोपं म्हणून त्यानं गेटचं पंचिंग घेतलं. दुसऱ्या बाजूला डेस्क.

मला तेव्हाही काही कळलं नाही. मी भिंतीकडं पाहिलं तेव्हा कळलं. ताईंचा चेहरा पार उतरला होता. औरंगपुऱ्याचा पोरगा खाली बघत होता. मी म्हणालो, "दुसरं काहीतरी जोडा ना, स्टोअरचं घ्या," पण त्याचं बटण दाबून झालं होतं.

पडद्यावर ट्रायलच्या सगळ्या दिवसांची यादी उमटली. डेस्कवर हजर, गेटमधून अजून आत नाही. अशा ओळी एकाखाली एक, लाल रंगात. त्या तरुणाला वाटलं आपलंच काहीतरी चुकलं. तो माफी मागून पुन्हा जोडायला लागला. पुन्हा तेच. मग साहेबांनी चष्मा काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ ताईंची होती. "मॅडम, या वेळी तुम्ही गेटच्या बाहेर होतात. मग तुमच्या नावानं फोन कोण घेत होतं?"

साहेबांनी पुन्हा विचारलं. ताई म्हणाल्या, "सर, पाणी आलं होतं."

साहेब पुण्याचे. त्यांच्या नळाला रोज पाणी. त्यांना त्या वाक्याचा अर्थच लागला नाही. मी समजावून सांगितलं, सगळं सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. शहराचं पाणी, पाण्याचा दिवस, एकमेकांसाठी बसणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उशीर झाला असता तरी चाललं असतं हो. उशीर धरूनही तुमचे आकडे पुण्यापेक्षा चांगलेच निघाले असते. पण दुसऱ्याच्या नावानं लॉगिन? आता यातला कोणता आकडा खरा मानू मी?"

दुसऱ्याचा पासवर्ड वापरायचा नाही, हा आमचा पहिला धडा. आयटीतल्या माणसानं आयटीतल्या माणसाला दुसरं काय सांगायचं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला साहेबांचा राग आला, त्या गोड पोराचा आला, आणि सगळ्यात जास्त आमच्या लोकांचा आला. अरे बाबांनो, उशिरा आला असता तर आला असता. सरळ येऊन लाल शेरा खाल्ला असता तर डेस्क वाचलं असतं. पण यांना सवयच नाही ना, आपला माणूस उघड्यावर टाकायची.

टूल मी सुचवलेलंच घेतलं. डेस्क पुण्याला गेलं. कुणाला काढलं नाही, हे साहेबांच्या बाजूनं सांगायला हवं. सगळ्यांना पुण्याची ऑफर दिली, ताईंनाही, प्रमुखाच्याच जागेवर. पोरं गेली. त्या औरंगपुऱ्याच्या पोरानं जाताना माझ्याशी हात मिळवला. ताईंनी उत्तर दिलं नव्हतं. मुदत संपत आली तेव्हा साहेबांनीच मला सांगितलं, त्यांना समजवा, चांगली बाई आहे, एवढ्यावरून नोकरी सोडू नये.

मी पडेगावला गेलो. छावणी ओलांडली की पूर्वी मोकळं माळरान लागायचं, आता तिथं बांधकामाच्या पाट्या. ताईंचं घर एका अर्धवट इमारतीच्या मागं, दोन खोल्यांचं. मी पोहोचलो तर दारात पाइप, बादल्या, पिंप, आणि ताई पदर खोचून उभ्या. त्यांचा पाण्याचा दिवस होता. "या सर," म्हणाल्या, आणि बसा म्हणायच्या ऐवजी माझ्या हातात पाइप दिला. "एवढं पिंप भरेपर्यंत धरा. मी आत हंडे नेते." मी धरला. नळाला धार करंगळीएवढी, तीही मधूनच खोकायची.

आतून सासूबाईंनी विचारलं, "कोण आलंय गं?"

"हापिसातले सर हायती, आत्याबाई."

"पाणी भराया आलेत?"

"व्हय."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. तिला नोकरीचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

पिंप भरलं, मग दुसरं. मी मनात जुळवून आणलेलं सगळं बोललो. प्रमुखाची जागा आहे, पगार वाढतो, सासूबाईंसाठी बाई ठेवता येईल, काही महिने तरी करून बघा. त्या ऐकत होत्या आणि हंडे नेत होत्या. शेवटी उंबऱ्यात टेकल्या.

"माझा बाप दुष्काळात मेंढरं घेऊन घाट उतरायचा," त्या म्हणाल्या. "खानदेशात चारा असायचा. मेंढरं चालत जातात सर. ह्यांना कशी नेऊ? जागचं हलवलं की दुखतंय त्यांना, रात्रभर कण्हत्यात."

"बाई ठेवा ना इथं. तुम्ही सुट्टीला येत जा."

"बाई दिवसा येईल. पाण्याच्या दिवशी थांबणार नाय, तिच्या घरीबी त्याच दिवशी पाणी." त्यांनी कपाळावरचं पाणी की घाम पुसला. "बरं, मी पुण्याहून येते पाण्याच्या दिवशी. बस पकडते, भरते, परत जाते. तेवढा येळ तिथं माझ्या जागी कोण बसंल?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. खरंच विचारत होत्या. माझ्याकडं बघत होत्या, की मी टूल निवडलंय, मला माहीत असेल.

"कुणी नाही, ताई," मी म्हणालो.

"मग तसं सांगा त्यांना," त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातला पाइप घेऊन पुढच्या बादलीत सोडला.