न दिसलेली ज्योत

माझी थोरली बहीण सुमाताई, मुलं मार्गी लागल्यावर पुन्हा कॉलेजच्या प्रयोगशाळेत जाऊ लागली. परवा तिनं मला आणि भाऊजींना तिथं बोलावलं. तळ्यातलं शेवाळ शिजवून, यीस्ट घालून तिनं ते आंबवलं होतं आणि त्यातून वाटीभर स्पिरिटसारखं इंधन काढलं होतं. दिसायला अगदी पाण्यासारखं. ताईनं काडी लावली. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. ज्योत काही दिसेना.

"पेटलंच नाही गं, सुमा," भाऊजी हळहळले आणि त्यांनी वाटीवर बोट नेलं. "आई गं!" बोट झटकत ते ओरडले, आणि लगेच हसत सुटले.

टाकीतलं शेवाळ मी आजवर घाण म्हणून घासून काढत आले. ते उन्हावर वाढतं, एवढंही कधी मनात आलं नव्हतं. आता तेच ऊन वाटीत जळत होतं. ताईची घरात गेलेली वर्षं मला आठवली. ऊब आम्ही सगळ्यांनी घेतली, ज्योत कुणी पाहिली नाही.

परतताना भाऊजींनी लाल झालेलं बोट रिक्षावाल्यापुढे धरलं.

"हे बघा, आमच्या बायकोनं शेवाळातून विस्तव काढलाय!"