काळ्या कोटाला भिणारे भैय्यालाल मामा

भैय्यालाल मामा रेल्वेत नोकरीला आहेत आणि टीसीला भितात. खिशात रेल्वेचाच पास असतो, फोटोसकट. तरी काळा कोट डब्यात शिरला की मामा खिडकीबाहेर असे पाहतात, जणू रुळाकडच्या म्हशींवर लक्ष ठेवायचं काम त्यांनाच दिलं आहे. शेवंतामामी विचारते, "पास आहे ना तुमच्याजवळ?"

"आहे."

"मंग घाम काहून येऊन राहिला?"

"गरमी आहे."

डिसेंबरातही गरमीच असते.

मी डोंगरगढच्या शाळेत शिकलो आणि आता परीक्षांची तयारी करायला स्टेशनामागच्या गुढियारीत मामांकडेच राहतो. म्हणून मला या घामाचं कारण माहीत आहे. मामा मालगोदामात वॅगनच्या दारांना सील लावतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर नत्थू नावाच्या हमालाच्या पायावर वॅगनचं लोखंडी दार पडलं. ठेकेदार म्हणाला, नत्थू पिऊन होता, दार त्यानंच ओढलं. मामांनी पाहिलं होतं ते वेगळं. खाली माणूस आहे हे माहीत असून मुकादमानं दार पाडायला लावलं होतं. भरपाईची केस झाली आणि मामा साक्ष द्यायला उभे राहिले.

आता मामांचा स्वभाव असा, की आज भाजी काय आहे विचारलं तर ते बाजाराच्या रस्त्यापासून सुरुवात करतात. आणि ठेकेदाराचा वकील म्हणत होता, "हां या ना में जवाब दीजिए."

"सील आपने लगाई थी?"

"हां, पर..."

"दरवाज़े पर आपका भी हाथ था?"

"हां, पर..."

"पर" च्या पुढचं कोणी ऐकलंच नाही. मामांच्या सगळ्या "हां" जोडून वकिलानं असं काही उभं केलं, की मामांनी तर काही पाहिलंच नव्हतं. मागं लोक हसले. नत्थू केस हरला. आज तो स्टेशनजवळ कुबडी टेकून फुटाणे विकतो, आणि मामा ती गल्ली सोडून दुसऱ्या गल्लीनं ड्यूटीवर जातात. कोर्टासमोरचा कचेरी चौक तर त्यांच्या नकाशातून पुसलाच गेला आहे.

अशा माणसाची मुलगी चेतना.

बारावी झाल्यावर तिनं कपाटाच्या दारावर खडूनं आपला बेत काढला. बी.ए., मुख्य विषय राज्यशास्त्र. सोबत संविधान, मानवाधिकार, कायद्याची ओळख, असे पेपर. त्यानंतर एलएलबी. मधे बाण, बाणांवर बाण. मी म्हटलं, "हा अभ्यासक्रम आहे का बिलासपूर यार्डाचा नकाशा?"

"भैया, आप अपना देखो. तुमची गाडी तर आउटर सिग्नललाच उभी आहे," ती म्हणाली. आमची चेतना मराठी अर्धी बोलते, पण टोमणा पूर्ण मारते.

मामांनी बाण पाहिले. शेवटी लिहिलं होतं, 'वकील'. त्या रात्री जेवताना पोळी हातातच राहिली. मग रोज एकेक भीती निघू लागली. ठेकेदार लोकं मारतात म्हणे. कोर्टात पोरीसोबत काय काय होते म्हणे. एकदा मला ओट्यावर गाठून म्हणाले, "प्रशिक, ती बी तसंच हसंल का रे?"

"कोणाले?"

"माझ्यासारख्याले."

 

प्रवेशाच्या दिवशी कॉलेजात पालकाला सोबत बोलावलं होतं. विभागाच्या मंदाकिनी मॅडम मुलीशी आणि पालकाशी बोलून विषय पक्के करणार होत्या. आम्ही तिघं ऑटोनं निघालो, अर्थात सदर बाजारातून आणि बूढ़ापाऱ्यातून, कचेरी टाळून. उतरल्यावर चेतना पुढं गेली तेव्हा मामांनी माझा हात धरला. 

"मी मॅडमले सांगून देतो, पोट्टीले होमसायन्स पाहिजे. तू फक्त मान हलव."

"खोटं बोलणार? दर रविवारी विहारात 'मुसावादा वेरमणी' म्हणून खोटं न बोलायचं शील कोण घेते मंग?"

"ते विहारात, बा," मामा म्हणाले. पण आवाज बसलेला.

आमचं नशीब असं, की कॉलेजात त्या दिवशी जागा नव्हती, म्हणून मुलाखती खोट्या कोर्टाच्या खोलीत ठेवल्या होत्या. पोरं तिथं वकिलीचा सराव करतात. मधे उंच खुर्ची, एका खुर्चीच्या पाठीवर लटकवलेला काळा कोट, आणि बाजूला साक्षीदाराचा लाकडी पिंजरा. बाकं भरलेली होती. शिपाई म्हणाला, "अंकल, आप इधर खड़े हो जाइए," आणि मामांना त्यानं सरळ पिंजऱ्यात उभं केलं.

मामा गेले. वर्दीतल्या माणसानं सांगितलं की मामा विहिरीतही उतरतील. पण लाकडाला हात लागला तशी त्यांनी समोरची फळी दोन्ही हातांनी धरली. 

मॅडमनी कागदातून वर न पाहता विचारलं, "आपलं नाव?"

"भैय्यालाल, वल्द देवीदास. जे सांगीन ते खरं सांगीन."

बाकावर कोणीतरी हसलं. मॅडमनी वर पाहिलं. "मुलीला कोणता विषय हवा आहे?"

मी मान हलवायच्या तयारीत होतो. मामांनी तोंड उघडलं, होमसायन्सचा 'हो' जवळजवळ बाहेर आला, आणि परत आत गेला. त्या लाकडात उभं राहून त्यांना खोटं बोलताच येईना.

"तिले कायदा पाहिजे," ते म्हणाले. "मले नाही पाहिजे. मी नाही म्हणायले आलो होतो. मी भितो, मॅडम."

चेतना बापाकडे पाहत राहिली. रडेल असं वाटलं. ती उठली, पिंजऱ्यासमोर गेली, आणि मामांनी त्या काळ्या कोटाकडे पाहून डोळे मिटून घेतले.

"बाबा," ती म्हणाली, "उस दिन मुकादम क्या बोला था?"

"हां, पर..." मामा सवयीनं थांबले. पुढचा वार यायची वाट पाहत.

चेतना काही बोलली नाही. उभी राहिली.

मामांनी एक डोळा उघडला. मग सुरुवात केली, अर्थातच सकाळच्या चहापासून. चहात अद्रक होतं. रांगेतले पालक चुळबुळले. "जल्दी करो भई," कोणी म्हणालं, तर चेतनानं मागं न वळता हात वर केला. मामा चहावरून मालगाडीच्या रॅकवर आले, रॅकवरून दारावर, मुकादम काय ओरडला त्यावर, आणि नत्थू दाराखालून कसा ओरडला त्यावर. शेवटी आवाज इतका खाली गेला, की मॅडमनी पंखा बंद करायला लावला. खोलीत कोणी हसलं नाही.

"बस, एवढंच," मामा म्हणाले. "आता उतरू का?"

"विषय काय लिहू?" मॅडमनी विचारलं.

मामांनी फळी सोडली. "राज्यशास्त्र. कायद्यावालं. पन मॅडम, हिले अशीच राहू द्या. समोरचा 'पर' म्हणाला का पुढचं बी ऐकू द्या."

परत येताना चेतनानं ऑटोवाल्याला कचेरी चौकातूनच घ्यायला सांगितलं. मामांनी डोळे मिटले आणि माझं मनगट असं दाबलं, की अजून निळं आहे.

"गेलं का?"

"नाही मामा. सिग्नल आहे. समोर पाच-सहा काळे कोट चहा पिऊन राहिले."

मामांची माझ्या मनगटावरची बोटं आणखी घट्ट झाली. थोड्या वेळानं एक डोळा उघडला.

"अद्रकवाला असंल," ते म्हणाले, आणि डोळा उघडाच ठेवला.