दादाचे गाल

माझ्या थोरल्या भावाला एचआयव्ही आहे, हे फक्त वहिनीला आणि मला ठाऊक. वहिनी नि पोरगी तपासणीत निगेटिव्ह आल्या. नव्या गोळ्यांवर दादा ठणठणीत आहे, धाटावच्या केमिकल कंपनीत शिफ्ट करतो. पण सुरुवातीच्या जुन्या गोळ्यांनी त्याच्या गालांतली चरबी गेली ती गेलीच. चेहऱ्याला दोन खड्डे पडले. गडब गावात माझ्या किराणा दुकानात बाया विचारायच्या, "तुज्या दादाला काय झालाय गो? असा चेहरा मी सिव्हिलला बघितला व्हता एकाचा." मी मान खाली घालून साखर तोलत राहायचे.

पोरीला स्थळ सांगून आलं तसा तो मला घेऊन पेणच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. गालांत सुया टोचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "हे औषध तुमच्याच शरीराला कातडीखाली भर घालायला लावतं. अजून दोन-तीनदा यायचं, फरक पडायला काही महिने लागतात. आज गाल भरलेले दिसतील, ते नुसतं पाणी आहे. ते उतरेल. धीर सोडू नका."

येताना दादा एसटीच्या काचेत सारखा स्वतःला बघत होता. इतका हसरा मी त्याला कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

दोन दिवसांत पाणी उतरलं आणि खड्डे परत दिसायला लागले. पोरीला बघायला पाहुणे यायला तर महिनाच उरला होता. आम्हाला न सांगता तो रोह्यातल्या एका पार्लरात गेला. तिथे एका बैठकीत गाल भरून देत होते.

वहिनीचा फोन आला, मी धावले. डावा गाल आधी पांढराफटक पडला होता, आता त्यावर जांभळी जाळी उठली होती. आम्ही तसेच पेणला निघालो.

"काय टोचलंय?" बाईंनी विचारलं.

दादाला ठाऊक नव्हतं. पार्लरवाली फोन उचलत नव्हती.

"विरघळणारं असेल तर माझ्याकडे उतारा आहे, तो देते. पण मी दिलं होतं त्या जातीचं असेल, तर त्याला उतारा नाही."

त्यांनी उताऱ्याच्या सुया दिल्या, रक्त अडलंय, डोळ्यालाही धोका आहे म्हणून लगेच पुढे मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. डोळा वाचला. गालाची कातडी मात्र काळी पडून गळाली आणि तिथे सुरकुतलेला व्रण राहिला.

पाहुणे आले. चहा घेता घेता मुलाच्या वडिलांची नजर दादाच्या गालावर थांबली. त्यांनी विचारायच्या आत दादाच बोलला, "कंपनीत केमिकल उडालं."

सगळे हळहळले. खड्ड्यांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. पोरगी पसंत पडली. वहिनीने माझा हात घट्ट दाबला.

मग मुलाचे वडील म्हणाले, "माझा मेव्हणा तुमच्याच कंपनीत हाय की, सेफ्टीला. मला काय बोलला नाय कसा तो? आत्ताच विचारतो."

दादाने कप खाली ठेवला. ते खिशातून फोन काढत होते.