सातनंबरची हवा

चौथ्या सिग्नलला म्हातारा सातनंबर चालता चालता पुन्हा थांबला आणि गळ्यातलं यंत्र त्याने गुरगुरत उभ्या असलेल्या ट्रकच्या धुरात धरलं.

"दादा, त्याला काय वाफ देतोयस?" धाकट्या बहिणीने विचारलं.

"चालणाऱ्याच्या नाकात जातं तेच मोजतोय."

"चालणारी माणसं नळकांड्यात नाक घालत नाहीत!"

एकतीस वर्षं सात नंबरची बस चालवली म्हणून अख्खी गल्ली त्याला सातनंबर म्हणे. तो रिटायर झाल्यावर कॉलेजच्या मुलींनी त्याला हे हवा मोजायचं यंत्र दिलं होतं. घरून डेपोपर्यंत जायचं, गेटला हात लावायचा, परत यायचं. एक आठवडा बसने, एक रिक्षाने, एक सायकलने, शेवटचा पायी. कशातून गेलं की माणूस किती धूर गिळतो, ते त्यांना हवं होतं. नोकरीत जन्मभर उशिरा पोचलेला हा गृहस्थ आता काही काम नसताना दहा मिनिटं आधी पोचायचा.

बसचा आकडा पाहून मात्र मुली चक्रावल्या. बसमधली हवा ऑपरेशनच्या खोलीपेक्षा स्वच्छ! म्हणून उद्या ती फेरी पुन्हा करायची होती.

"खरं सांग, काय केलं होतंस? देवाशपथ."

"टॉवेलात गुंडाळून डब्याच्या पिशवीत ठेवलं होतं."

तिने कपाळावर हात मारला. रोज दिवा लावताना ती त्याच्या छातीसाठी देवाशी दोन शब्द जास्त बोलायची, आणि हा ट्रकामागे धूर वेचत फिरत होता.

"कशाला रे हा खटाटोप? बस काय तुझ्या सासऱ्याची आहे?"

तो हसला नाही. हसला की खोकला यायचा. कठड्याला टेकला. छातीत शिट्टी वाजत होती.

"डॉक्टर म्हणाले, ही छाती कुठे कमावलीत? मी म्हटलं, पायी चालून."

"तू? कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा बसने जायचास!"

"एकतीस वर्षं खिडकी उघडी टाकून त्या सीटवर बसलो गं. त्या बसला कधी नावं ठेवली नाहीत. आता तिनेच हे केलं, असं कागदावर आलं तर…"

मागून सात नंबरची बस गेली. सवयीने त्याने हात केला.

मग पट्टा काढून त्याने यंत्र तिच्या गळ्यात घातलं.

"उद्या तू जा. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बस. तुला लहानपणापासून खोटं जमत नाही. येईल तो आकडा मुलींना दे. फक्त मला सांगू नकोस. मी विचारलं तरी."