मास्तरांच्या गळ्यातली टेप

मास्तर म्हणजे शिंपी. शाळेशी त्यांचं कधी फारसं जमलं नव्हतं, पण गळ्यात टेप अडकवली की शिंप्याचा मास्तर होतो. भाड्याच्या खोलीत शिलाई मशीनला खेटून निम्मं आयुष्य काढल्यावर त्यांनी वस्तीच्या टोकाला जागा घेतली आणि जाहीर करून टाकलं, “घर मी माझ्या हातानं बांधणार. कोट बेतणाऱ्याला चार भिंती काय जड आहेत?” बढाया मारायला सिमेंट लागत नाही. पण मास्तर खरंच कामाला लागले. चर खणले, तळाला काँक्रीट ओतलं आणि सिमेंटच्या ब्लॉकचा पाया रचायला घेतला.

मदतीला बायको आणि तिचा धाकटा भाऊ. भाऊ टेम्पो चालवायचा, ब्लॉक तोच आणून टाकायचा. बायको माल कालवायची, ब्लॉक उचलून द्यायची आणि मास्तर सांगतील तिथं दोरीचं दुसरं टोक धरायची. सिमेंटनं तिची बोटं चिरली होती. त्याबद्दल ती अवाक्षर काढत नसे आणि मास्तरही विचारत नसत.

पुढची भिंत मेहुण्याच्या पोलादी टेपनं मोजून झाली. मागची रचायची त्या दिवशी मेहुणा टेपसकट भाड्यावर गेला होता. मास्तरांचं काही अडलं नाही. गळ्यात टेप होतीच.

मग बाजूची भिंत आली आणि कोपऱ्यावर घोटाळा झाला. पुढून सरळ काटकोनात आणलेली भिंत मागच्या भिंतीच्या टोकाशी जुळेना. मागची चार बोटं बाहेर पळाली होती. मास्तरांचं डोकं सटकलं.

“दोरी धरायची, एवढंच काम होतं तुला! तेही जमू नये? लक्ष कुठं असतं तुझं?”

शेजारची बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. मेहुण्यानं तोंड फिरवलं आणि उरलेले ब्लॉक आणायला म्हणून टेम्पो घेऊन निघून गेला. बायको हात धुवायला लागली. धुतलेलेच हात ती पुन्हा पुन्हा धूत होती.

मास्तरांनी मेहुण्याची तिथंच राहिलेली टेप उचलून मागची भिंत मोजली. लांब भरली. मग गळ्यातली टेप काढून तिच्याशेजारी पसरली. इतकी वर्षं ओढून ओढून कापडी टेप बोटभर ताणली गेली होती, आणि भिंत मोजताना ती चारदा लावली होती. दुकानात हे कळणार तरी कसं? अंग त्याच टेपनं मोजायचं आणि कापडही त्याच टेपनं. गिऱ्हाईक खूश, मास्तर त्याहून खूश.

त्यांनी मान वर केली. बायको समोरच उभी होती. तिनं दोन्ही टेपांकडे पाहिलं.

“दुकानातली ना?” एवढंच ती म्हणाली.

मास्तरांनी टेप गोळा करून खिशात कोंबली. पन्नाशीच्या माणसाला चोरी पकडल्यासारखं झालं. चूक सांगायला दोन शब्द पुरले असते, पण ते मघाच्या ओरडण्याइतके सोपे नव्हते. आणि सांगायचं ते मेहुण्यासमोर सांगायला हवं होतं. अपमान त्याच्यादेखत झाला होता.

मेहुणा परत आला. ब्लॉक उतरवताना बहिणीकडे बघायचं तो टाळत होता. मास्तर जवळ गेले, खाकरले.

“अरे, ते मघाचं... जाऊ दे. चूक माझीच समज.”

समज! सरळ ‘माझी’ म्हणायला जीभ रेटेना.

मेहुण्याचा चेहरा एकदम खुलला. “भावजी, मन मोठं आहे तुमचं!” मग तो बहिणीला म्हणाला, “बघ ताई, कसं सांभाळून घेतात तुला! आता तरी नीट लक्ष दे.”

नवरा पुढं काही बोलतोय का, म्हणून बायको क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते खाली वाकले आणि ब्लॉक उचलू लागले.